उत्तर उशिरा येतं

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराची घंटा वाजते. शेजारच्या एखाद्या मराठी घरात आजीच्या मांडीवर दोन वर्षांचं मूल आहे असं समजा. अजून मान धरत नाही, शब्द फुटलेला नाही, नजर ठरत नाही. पण घंटा ऐकली की त्याचे हलणारे पाय थबकतात. घरातले म्हणतात, 'त्याला काही कळत नाही.' मला वाटतं, कळायला इथूनच सुरुवात झालेली असते.

एरवी बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की माणसाकडे बघून हसतं, आठव्या-नवव्या महिन्यात परक्याला पाहून बिचकतं. विकास फार मागे राहिलेलं मूलही बहुधा याच वाटेने जातं, फक्त उशिरा, आणि त्याच्या खुणा बारीक असतात. हसू येण्याऐवजी मूठ उघडते, श्वासाची लय बदलते. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध बाळांचा अभ्यास केला. चेहऱ्यावर फारसं काही उमटत नसे, पण आईला ओळखत ते हात. फ्रायबर्गनी आयांना ते हात वाचायला शिकवलं.

गाडी अडते ती वेळेपाशी. 'काय रे सोन्या?' म्हणून आपण दोन सेकंदांत दुसरंच काही बोलू लागतो. या मुलाला आवाज ऐकून, उमजून, स्नायू हलवायला कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. त्याचं उत्तर येतं तेव्हा आपण उठून गेलेलो असतो. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना थोडा वेळ चेहरा निश्चल ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला खुणावत, मग तोंड फिरवत. आपलं मूलही असंच हाक मारणं सोडून देईल, ही भीती मला खरी वाटते.

म्हणून थांबायचं. पदराआड जाऊन 'आई कुठे गेली?' म्हटलं की मनात दहापर्यंत मोजायचं. पाय हलला, आवाज निघाला, की लगेच 'भॉक!' रोज तोच खेळ, तेच शब्द. त्याने 'अं' केलं तर आपणही 'अं' करायचं. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात मेलनी निंड आणि डेव्ह ह्यूएट यांनी अशाच देवाणघेवाणीवर शिकवण्याची एक पद्धत उभी केली. मुलाने तोंड फिरवलं, तर ते 'पुरे' म्हणतंय.

आधी कान-डोळे मात्र तपासून घ्या. फिट येऊन गेल्यावर मूल दमलेलं असतं, तेव्हा खेळ नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, ते विकासातला विलंबही तपासतं. ते कधी येणार हे मितानिनला, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला, विचारा.

मग कधीतरी शेजारीण मुलाला उचलते आणि ते रडायला लागतं. आजीच्या खांद्यावर आलं की शांत होतं. घरच्यांना ओशाळल्यासारखं होतं, पण शेजारणीने वाईट वाटून घेऊ नये. त्याला आता आपलं माणूस ओळखू येतंय.