वाढदिवसाला घरीच जत्रेचे खेळ मांडताय? मग स्टॉलवाल्याच्या युक्त्या उलट्या वापरा

जत्रेत रिंग फेकून साबण किंवा बिस्किटाचा पुडा पटकवायचा खेळ बहुतेकांनी खेळलेला असतो. पाच रिंगा फेकल्या तरी एक बसत नाही. नेम चुकतो हे खरं, पण पुष्कळदा खेळच तसा मांडलेला असतो. रिंग वस्तूपेक्षा जेमतेम मोठी आणि कडक प्लास्टिकची असते, त्यामुळे ती टेकताच उसळते.

बादलीत चेंडू टाकायच्या खेळातही हेच होतं. बादली तिरकी ठेवली की चेंडू तळावर आपटून थेट बाहेर येतो. काही स्टॉलवाले आत आधीच एक चेंडू ठेवून खेळ करून दाखवतात. नवा चेंडू त्याच्यावर आदळला की जोर मरतो आणि आतच राहतो. मग गिऱ्हाइकाची पाळी आली की तो आतला चेंडू काढून घेतला जातो!

घरी नेमकं उलटं करायचं. बादलीच्या तळाला जुना टॉवेल घाला, चेंडू उसळणार नाही. चेंडू तरी कशाला, मोज्यांच्या जोड्या गुंडाळून घ्या. टीव्हीही वाचेल. रिंगसाठी कागदी प्लेटचा मधला भाग कापून काढा आणि बाटल्यांमध्ये थोडं पाणी भरा, म्हणजे धक्क्याने पडणार नाहीत. डबे पाडायच्या खेळाला कागदी कप पुरतात. खाली तीन, मग दोन, वर एक. जत्रेत खालचे डबे जड असू शकतात, इथे सगळे हलकेच ठेवा.

फेकायची रेघ मात्र एकच नको. चार वर्षांच्या पोराला नऊ वर्षांच्या ताईच्या रेघेवर उभं केलं, तर दहा मिनिटांत रडारड ठरलेली. खडूने दोन-तीन रेघा आखा. मूल दोनदा हुकलं की त्याला एक पाऊल पुढे घ्या. 'आऊट' होऊन कोपऱ्यात बसावं लागेल, असे खेळ लहानांच्या पार्टीत टाळलेलेच बरे.

फुगे फोडायचा खेळ मुलांना आवडतो, पण त्यात धोका आहे. टोकदार बाण तर नकोच. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून श्वास अडकू शकतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फुग्यांच्या पाकिटावर 8 वर्षांखालच्या मुलांसाठी हाच इशारा छापावा लागतो.

बक्षिसांकडेही लक्ष द्या. 3 वर्षांखालचं मूल येणार असेल तर गोट्या, मणी, छोटी खेळणी नकोत. लुकलुकणाऱ्या स्वस्त अंगठ्या आणि किचेनमध्ये बटणासारखी बॅटरी असते. ती गिळली गेली, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी त्रास सुरू व्हायची वाट न पाहता मुलाला लगेच हॉस्पिटलमध्ये न्यावं. बक्षीस म्हणून खडू, स्टिकर, पेन्सिल किंवा गोष्टीचं पातळ पुस्तक चालतं. आणि हरलेल्यालाही एक स्टिकर द्या.