लक्षद्वीपचा कमी दाब आणि डहाणूचं खळं

‘लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे’ हे वाक्य मुंबईत एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून जातं. झाई-बोर्डीपासून चिंचणी-वरोरपर्यंतच्या डहाणूच्या किनाऱ्यावर मात्र ते ऐकलं की माणूस मोबाइल काढून तारीख मोजायला लागतो. त्या बेटांच्या बाजूनं निघालेलं वादळ उत्तरेला वळलं, तर तीन-चार दिवसांत आपल्या समोर येतं, एवढं गेल्या सोळा वर्षांनी इथल्या लोकांना पक्कं शिकवलं आहे.

सुरुवात ‘फयान’पासून करू. ९ नोव्हेंबर २००९ ला अरबी समुद्रात त्याचं डिप्रेशन झालं आणि ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलंसुद्धा. इशारा निघाला होता, बंदरावर बावटाही लागला होता. पण आठ-आठ दिवसांच्या फेरीवर गेलेल्या होड्यांना बंदरावरचा बावटा कसा दिसणार? दक्षिण कोकणातली कितीतरी माणसं परतली नाहीत. डहाणू त्या मानानं बचावलं. तेव्हा डहाणूचा आताचा पालघर जिल्हाच नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तोवर तलासरीच्या पाड्याला लागू होणारा अंदाज आणि मुंब्र्याला लागू होणारा अंदाज एकच, ‘ठाणे जिल्हा’ या नावाचा.

डिसेंबर २०१७ चं ‘ओखी’ केरळ-तमिळनाडूत हाहाकार करून, लक्षद्वीप ओलांडून वर आलं. डिसेंबरात चक्रीवादळाची बातमी डहाणूला नवीनच होती. ५ तारखेला शाळांना सुट्टी दिली गेली. ओखीचा जोर समुद्रातच ओसरत गेला आणि सुरत ते डहाणू या पट्ट्यात ते नुसत्या कमी दाबाच्या रूपात जमिनीवर आलं. सुट्टी वाया गेली म्हणून लोक हसले. वाया गेलेल्या सुट्टीवर हसता येणं हीसुद्धा चैनच म्हणायची.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’नं हसू थांबवलं. हवामान खात्यानं सांगितलेला पट्टा होता हरिहरेश्वर ते दमण, अलिबागच्या जवळपास. म्हणजे आख्खा डहाणू तालुका त्या पट्ट्याच्या आत. कोरोनाची टाळेबंदी चालू, आणि त्यातच किनाऱ्यावरची घरं रिकामी करायची. वादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वेगानं धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि डहाणूच्या चिकूच्या वाड्या वाचल्या. अंदाज चुकला असं इथं फारसं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं. अलिबागच्या जवळ म्हटलं होतं, अलिबागच्या जवळच आलं.

अंदाजाची खरी कसोटी लागली मे २०२१ च्या ‘तौक्ते’त. १४ मे रोजी लक्षद्वीपजवळ डिप्रेशन झालं, १७ ला ते मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकलं आणि त्याच रात्री दीव-उनाजवळ गुजरातेत घुसलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०८ किलोमीटरवर गेला, सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात. इशारा काही दिवस आधीपासून होता. मच्छीमारांच्या बहुतेक होड्या परत येऊन खाडीत नांगरलेल्या होत्या. समुद्रात राहिले ते तेलक्षेत्रातले मोठे बार्ज. ‘पी-३०५’ बुडाला आणि सत्तरच्या वर माणसं गेली. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ भरकटत सातपाटीजवळ वडराईच्या किनाऱ्याला लागला, त्यावरच्या १३७ जणांना सोडवावं लागलं. ज्यांच्याकडे सगळी यंत्रं होती ते बाहेर राहिले, व्हीएचएफ रेडिओवर आणि मच्छीमार सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर भरवसा ठेवणारे घरी आले. दर्यावरचा अंदाज कोळ्यापर्यंत पोचला आणि कोळ्यानं तो मानला, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

जमिनीवरची गोष्ट निराळी आहे.

इथं नुकसान करायला चक्रीवादळ लागत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरातली एक सर पुरते. हळवं भात आधी निघतं, निमगरवं-गरवं मागून. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळत ठेवतात, मग भारे बांधून खळ्यावर. त्या दोन-तीन दिवसांत पाणी पडलं की दाणा लोंबीवरच मोड धरतो आणि पेंढा काळा पडतो. किनाऱ्यावर बोंबलाचं तेच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी आडव्या बांबूवर टांगतात. दोन-तीन कडक उन्हं मिळाली तर माल, आणि मध्येच भिजला तर खत. तलासरीकडच्या वीटभट्ट्यांवर कच्च्या विटांचा चिखल होतो. चिकूला पावसाळ्यात सततची ओल लागली की फळं कुजून गळतात. या सगळ्यांना वादळाचं नाव नको असतं. पुढचे तीन दिवस कोरडे आहेत का, एवढंच हवं असतं.

त्याचं उत्तर देणारी एक सोय काही वर्षं इथं होती. कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात जिल्हा कृषी हवामान केंद्र चालायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज निघायचा आणि त्याच्या खाली भात, चिकू, भाजीपाला यांचं काय करायचं ते मराठीत लिहिलेलं असायचं: कापणी पुढे ढकला, फवारणी आज नको. देशभरात अशी १९९ केंद्रं होती. २०२४ च्या सुरुवातीला ती सगळी बंद करण्यात आली. आता मोबाइलवर सगळं मिळतं, असं म्हणणाऱ्यांनी उधव्या-कोचाईकडच्या पाड्यात जाऊन रेंज शोधून बघावी.

मोबाइलवर येतो तो रंग. ‘पालघर: ऑरेंज अलर्ट’. समुद्रसपाटीवरचं डहाणू आणि घाटमाथ्याला टेकलेलं जव्हार-मोखाडा या दोघांना रंग एकच. मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, पण ती पडलेला पाऊस मोजतात. फळपीक विम्याचा हिशेब त्यांच्यावर चालतो. पडून गेलेल्या पावसाचा आकडा खळ्यावरच्या बाईच्या काय कामाचा?

नुकसान करायला चक्रीवादळ लागत नाही, हे २०२५ नं पुन्हा दाखवलं. मे महिन्यातच वळवानं झोडपलं, नैर्ऋत्य मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, म्हणजे ११ जूनच्या नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘शक्ती’ वादळाचा इशारा पालघरलाही होता. ते समुद्रातच पश्चिमेला गेलं, वळलं आणि विरलं. महिनाअखेरीस अरबी समुद्रातल्या दुसऱ्या एका कमी दाबानं मात्र कोकणात कापणीच्या ऐन दिवसांत पाऊस आणला. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

वादळांचा माग काढण्यात आपण चांगलेच पुढे गेलो आहोत, त्याबद्दल हवामान खात्याचं कौतुक करायलाच हवं. पण जिल्ह्याला शेताच्या आणि मासळीच्या भाषेत सांगणारा एक माणूस, एक खुर्ची आणि आठवड्याला दोन पत्रकं यांचा खर्च फार नाही. कोसबाडचं ते काम पूर्ण वेळ पुन्हा सुरू करावं. सगळं वर्ष जमत नसेल, तर निदान सप्टेंबर ते डिसेंबर तरी.