शिष्यवृत्तीचें ऋण आणि दुसरें पान

सार्वजनिक पैशानें परदेशीं उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या तरुणास आमच्याकडे पहिला प्रश्न असा विचारला जातो कीं, आतां समाजास परत काय देणार? आणि जो परतत नाहीं त्यास कृतघ्न ठरवून आम्ही मोकळे होतों. प्रश्न गैरवाजवी नाहीं. शिष्यवृत्तीचा पैसा आकाशांतून पडत नाहीं. चिंचोटी नाक्यावर माल उतरविणारा हमाल आणि तो माल विकणारा व्यापारी या दोघांच्याही खिशांतून तो कररूपानें जातो. ज्याचा पैसा त्यास हिशेब मागण्याचा हक्क आहे. परंतु वहीला जमा आणि नांवें अशा दोन बाजू असतात, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. विद्यार्थ्यानें काय द्यावें हें एक पान झालें. परत येणाऱ्यास समाज काय देतो, हें दुसरें पान. तें उघडण्याची आम्हांस संवय नाहीं, म्हणून आज तेंच उघडावयाचें आहे.

प्रथम एक उजळ उदाहरण घेऊं. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. मोठ्या पगाराची सरकारी जागा त्यांस सहज मिळती. परंतु ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि अल्प वेतनावर फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले. त्यांचा त्याग मोठा, यांत शंका नाहीं. पण येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. परांजपे परतले तेव्हां त्यांची वाट पाहणारी संस्था होती, वर्ग होता, आणि पुण्यांत राहावयास घर कोणी नाकारणार नव्हतें. ऋण फेडण्यास ज्या ज्या गोष्टी लागतात, त्या सर्व समाजानें त्यांच्यापुढें मांडून ठेविल्या होत्या.

आतां दुसरें उदाहरण. १९१३ सालीं भीमराव रामजी आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि अट अशी कीं, शिक्षणानंतर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी. महाराजांचें औदार्य निःसंशय होतें आणि अटही न्याय्य होती. आंबेडकरांनीं ती मोडण्याची पळवाट शोधली नाहीं. लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ सालीं परतले आणि करारानुसार बडोद्यास हजर झाले.

पुढें काय झालें? दरबारांत जागा मिळाली, पण शहरांत राहावयास खोली मिळाली नाहीं. अस्पृश्यास घर देण्यास कोणी तयार होईना, तेव्हां पारशी नांव धारण करून त्यांस एका पारशी पथिकाश्रमांत राहावें लागलें. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दाराशीं आला आणि तोही निवारा गेला. एक हिंदु आणि एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनीं आसरा मागितला; दोघांनींही निमित्तें सांगितलीं. अखेर कोलंबियाचा हा पदवीधर मुंबईस परत निघून गेला. दहा वर्षांची सेवा काहीं दिवसांतच आटोपली.

हें ऋण कोणी बुडविलें? हिंदुस्थानच्या १८७२ च्या कराराच्या कायद्यांत ५३ वें कलम आहे. परस्पर वचनांच्या करारांत एका पक्षानें दुसऱ्यास वचन पाळण्यास अडथळा केला, तर अडविलेल्या पक्षास तो करार रद्द करण्याची मुभा राहते, आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागतां येते. बडोद्यांत महाराजांनीं अडथळा केला नव्हता, आणि हें कलम त्या प्रकरणास अक्षरशः लागूं होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांतील न्यायाचें तत्त्व समाजासही बांधतें. जो समाज उंबरठ्यावरच माणसास अडवितो, त्यानें त्याच माणसास 'तूं परत काय दिलेंस' असें विचारणें म्हणजे ऋणकोच्या हातांत बेड्या घालून त्यास पैसे मोजावयास सांगणें होय.

तथापि आंबेडकरांनीं ऋण रद्द झालें असें मानलें नाहीं, हीच या कथेंतील मुख्य गोष्ट आहे. त्यांनीं धनको तेवढा बदलला. १९१८ सालीं ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले. पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साहाय्य आणि मित्राचें कर्ज घेऊन १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले, १९२३ सालीं परतले आणि त्याच सालीं डी.एस्सी. झाले. १९२४ सालीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज उभें राहिलें. एका संस्थानाच्या नोकरींत जें दहा वर्षांत फिटलें असतें, तें सबंध देशास आजन्म फेडलें गेलें. यावरून परतफेडीचें माप नोकरीच्या वर्षांनीं करूं नये, हा बोध निघतो. स्वतः सयाजीरावांसही तो ठाऊक होता. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांस त्यांनीं दरमहा पन्नास रुपये दिले ते एवढ्याच अटीवर, कीं त्यांनीं महाराष्ट्रांत राहावें आणि वर्षास एक पुस्तक लिहावें. कोसंबींनीं त्यासाठीं कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडली.

कोणी म्हणतील, बडोद्याची गोष्ट शंभर वर्षांपूर्वींची. अस्पृश्यता तर घटनेच्या सतराव्या कलमानें नष्ट केली आहे. कलमानें केली हें खरें. परंतु घर भाड्यानें देतांना आडनांव विचारण्याची चाल अद्याप आहे, आणि ती का आहे हें विचारणाराही जाणतो व सांगणाराही जाणतो. महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नांवानें अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस परदेशीं शिक्षणासाठीं दरसाल ७५ शिष्यवृत्त्या देतें. शाहू महाराजांचें नांव घेणाऱ्यांनीं बडोद्याच्या त्या पथिकाश्रमाचेंही स्मरण ठेवावें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें स्पष्ट आहे. ऋण आहे, आणि तें फेडलें पाहिजे. ज्यास परत येणें शक्य आहे त्यानें यावें. ज्यास कांहीं काळ तिकडे राहावें लागेल, त्यानें मागून येणाऱ्या मुलास अर्ज कसा करावा, विद्यापीठ कोणतें निवडावें, हें पत्रानें सांगावें. तीही परतफेडच आहे. विद्या घेऊन जो केवळ स्वतःचा संसार थाटतो आणि मागें वळून पाहत नाहीं, त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं.

पण चिंचोटीपासून वसई-विरारपर्यंतच्या घरमालकांस, कॉलेजांच्या चालकांस आणि पेढीवाल्यांस आमचें याहून आग्रहाचें सांगणें आहे. शिकून आलेला मुलगा वा मुलगी दाराशीं येईल तेव्हां आडनांव न विचारतां खोली द्या, शिफारस न मागतां योग्यतेचें काम द्या. 'तिकडेच कां नाहीं राहिलास' हा प्रश्न तोंडांतून निघूं देऊं नका. सत्काराचा नारळ आणि शाल यांनीं दुसरें पान भरत नाहीं. तें पान कोरें ठेवून पहिल्या पानाची वसुली मागणाऱ्या पेढीस कोणता व्यापारी प्रामाणिक म्हणेल?