'कुणापैकी?' हा प्रश्न कोणाला विचारला जातो

बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात मार्च २०२५ मध्ये एक लहानशी, परंतु लक्षणीय सुधारणा झाली. अधिकाऱ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे वगळण्यात आली आणि केवळ पहिले नाव ठेवण्यात आले. परस्परांना हाक मारतानाही पहिल्या नावानेच मारावी, असे त्या वेळचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी ठरवून दिले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यानंतर, आरक्षणाच्या वादाने आधीच ताणलेले जिल्ह्याचे समाजमन जातीच्या रेषेवर उघडउघड दुभंगले होते. तपास करणाऱ्याचे काम पाहण्याआधी त्याचे आडनाव पाहिले जावे, इतका अविश्वास माजला होता. अशा वेळी आडनावच दृष्टीआड करावे, हा विचार स्वाभाविक होता आणि त्यामागील हेतूविषयी कोणी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि, आडनाव झाकले म्हणजे नेमके काय झाकले जाते, याचा विचार या निमित्ताने व्हावयास हवा. कारण बीड जिल्ह्यात नुसत्या आडनावावरून पुष्कळदा काहीच कळत नाही. पवार हे आडनाव मराठ्यांत आहे, बंजारा तांड्यावर आहे आणि पारध्यांच्या वस्तीवरही आहे. चव्हाणांचे तसेच. काळे, भोसले, शिंदे ही आडनावे गढीत नांदली, तशीच ती गावाबाहेरच्या पालातही नांदत आहेत. म्हणूनच आपल्याकडे आडनाव सांगितल्यावर संभाषण संपत नाही, तर तेथून ते सुरू होते. "कोणते पवार?", "गाव कोणते?", "पाहुणे कुठले?" आणि अखेरीस, आवाज किंचित खाली आणून विचारलेला तो प्रश्न: "म्हणजे तुम्ही कुणापैकी?"

हा प्रश्न एस. टी. च्या बाकावर विचारला जातो, भाड्याची खोली दाखविताना विचारला जातो, शिक्षकांच्या खोलीत नव्या गुरुजींना पहिल्याच दिवशी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असते असे नाही. परंतु हा प्रश्न सर्वांना सारख्याच वजनाचा लागत नाही, ही त्यातील ग्यानबाची मेख आहे. ज्याच्या उत्तराने समोरच्याचा चेहरा खुलतो, सोयरीक निघते आणि चहा सांगितला जातो, त्याला हा प्रश्न म्हणजे आतिथ्याचा एक भाग वाटतो. ज्याच्या उत्तराने क्षणभर शांतता पसरते आणि खोली "कालच दुसऱ्याला दिली" असे कळते, त्याच्या लेखी ती झडती असते. पहिल्या माणसाला आपणास काही विशेष मिळाले असे कधीच वाटत नाही. त्याचे सारे व्यवहार सुरळीत चाललेले असतात आणि जगाचे व्यवहार असेच चालतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

विशेषाधिकार म्हणतात तो हाच. वतन, इनाम, गढी यांचे अधिकार कायद्याने गेले. परंतु आपल्या नावाची किंमत आपणास मोजावी लागत नाही, हा अधिकार कोणत्याही सनदेवर लिहिलेला नसल्यामुळे तो कोणत्याही कायद्याने रद्द झाला नाही. अमेरिकेतील पेगी मॅकिंटॉश या विदुषीने १९८८ मध्ये एका निबंधात, गोऱ्या कातडीमुळे आपणास रोजच्या जीवनात न मागता मिळणाऱ्या सवलतींची एक यादीच दिली. त्या सवलती क्षुल्लक वाटाव्यात अशा होत्या आणि म्हणूनच ती यादी गाजली. आपल्याकडे कातडीचा रंग फारसे काही सांगत नाही. ते काम नाव, गाव आणि बोली करतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठविले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली आणि मुसलमान नावाच्या अर्जाला ती त्याहूनही कमी आढळली. पात्रता तीच होती, वेगळे होते ते केवळ नाव.

मग नावच काढून टाकले तर? हा प्रयोग आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे. १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेत जातिवाचक उपनावे टाकून देण्याचा पुकारा झाला. तमिळ समाजाने तो बऱ्याच अंशी मानला. आज तेथे बहुतेकांच्या नावापुढे जात दाखविणारे आडनाव आढळत नाही. ही कामगिरी थोर आहे. परंतु त्याच तमिळनाडूत शाळकरी मुले मनगटावर आपापल्या जातीच्या रंगाचे धागे बांधू लागली. २०२३ मध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतील मुलांनी प्राणघातक हल्ला केल्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीला, शाळेत असे धागे घालण्यास बंदी करावी, अशी शिफारस २०२४ मध्ये करावी लागली. नावातून हद्दपार झालेली जात मनगटावर येऊन बसली. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. परंतु समतानगर कोणत्या वस्तीला म्हणतात, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. नाव पुसून टाकणे सर्वांना सारखेच सोपे नसते. ज्यांच्या नावाला आजवर मान मिळाला, त्यांनी ते झाकले तर त्यांचे फारसे काही जात नाही. ज्यांना स्वतःचे नाव मानाने उच्चारण्याची संधी नुकतीच मिळू लागली आहे, त्यांना मात्र "आता नावाचे काय एवढे?" असे सांगणे म्हणजे पंगत उठण्याच्या वेळी त्यांना पान मांडण्यासारखे आहे.

पारधी समाजाचे उदाहरण घ्या. आष्टी, पाटोदा, केज या भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. निजामाच्या राज्यातही तशाच स्वरूपाचा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कलंक कागदावरून पुसला गेला. पण 'विमुक्त' हा शब्द आला तरी संशय मुक्त झाला नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीकडे वळते, हे सांगावयास नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींचाही त्यात समावेश होता. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली होती.

याच समाजाला आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासाठी शासन पुरावा मागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, तर विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. पाल पाठीवर घेऊन फिरणाऱ्याच्या आजोबाचे वास्तव्य कोणत्या गावच्या दप्तरात शोधावयाचे? त्या आजोबाचे नाव शाळेच्या हजेरीपटापेक्षा पोलिसांच्या हजेरीपटात सापडण्याचाच संभव अधिक. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचे सातबारे पेटीत जपून ठेवलेले आहेत, त्यांना आपली ओळख सिद्ध करणे म्हणजे एक झेरॉक्स काढणे. दाखल्यांची प्रकरणे हाताळणाऱ्या कारकून बंधूंनी या दोन अर्जदारांमधले अंतर क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे.

बंजारा समाजाचा इतिहास वेगळा आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ज्यांच्या तांड्यांनी एके काळी बाजारपेठा व फौजा पोसल्या, त्यांचा व्यापार रेल्वे आणि सडकांनी बुडविला. आज या जिल्ह्यातील अनेक तांडे दिवाळीच्या सुमारास ओस पडतात. नवरा-बायकोचा कोयता मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडात जातो आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. देव एक, बोली एक, सोयरिकी एकमेकांत. पण सरकारी रकाने तीन. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून बीडमध्ये बंजारा समाजाचा मोठा मोर्चा निघाला, तर आदिवासी नेत्यांनी या मागणीला कडाडून विरोध केला. त्या वादाचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु, माणसाची ओळख केवळ दाखल्याच्या रकान्यात उरली म्हणजे दोन वंचित समाज एकमेकांपुढे कसे उभे ठाकतात, हे त्यातून दिसले.

दाखल्याच्या पलीकडे जी ओळख आहे, तिची अवस्था काय आहे? गोरबोली बोलणाऱ्यांची गणना २०११ च्या जनगणनेत हिंदीच्या खात्यात झाली. तेथे लमाणी-लंबाडी या नावाखाली त्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक आहे. तांड्यावरचे मूल पहिलीत येते, ते ही बोली घेऊन. मराठी शब्द त्याला सुचत नाही, म्हणून ते गप्प बसते आणि गुरुजी त्याला 'मंद' म्हणून मोकळे होतात. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवी येथे बंजारा वारशाचे भव्य संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते उघडले गेले. फेटिया-कांचळी काचेच्या कपाटात मानाने विराजमान झाली. तोच पोशाख घालून एखादी म्हातारी तालुक्याच्या बसमध्ये चढली, तर मात्र माना वळतात. उत्सवाच्या मंडपात संस्कृतीला हार घालावयाचा आणि रोजच्या रस्त्यावर तिला अडगळ समजावयाचे, हा दुटप्पीपणा आपल्या अंगवळणी पडला आहे. वसंतराव नाईक या बंजारा गृहस्थांनी १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले, हे आपण कौतुकाने सांगतो. मात्र त्यांच्या आईची बोली आपल्या वर्गात चालेल काय, हे सांगत नाही.

नावासाठी माणसे काय सोसतात, हे मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातील गावोगावी दलितांची घरे पेटली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. त्यात पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे प्राणास मुकली. "नुसत्या नावाने काय होते?" असा प्रश्न तेव्हाही शहाणी माणसे विचारीत होती. नुसत्या नावाने काही होत नसते, तर ते नाकारण्यासाठी घरे जाळावी लागली नसती. आपले नाव चारचौघांत ताठ मानेने उच्चारता येणे, हे पुष्कळांच्या बाबतीत भाकरीइतकेच मोलाचे असते.

म्हणून अभिमान आणि मिजास यांत भेद केला पाहिजे. आपली बोली, आपले सण, आपले पूर्वज यांची लाज न बाळगणे हा अभिमान. दुसऱ्याला आपल्याहून खाली पाहिल्याशिवाय ज्याचे समाधान होत नाही, ती मिजास. हा भेद केवळ प्रस्थापितांना लागू आहे असे नव्हे. ज्याला वरच्या पायरीने हिणविले, तो पुष्कळदा खालची पायरी शोधतो. पारध्याला पाणवठ्यावर हटकणारा नेहमीच गढीतला असतो असे नाही. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन उतरंडीची विषमता असे केले, त्याचे मर्म हेच आहे. वंचिताचा अभिमान या उतरंडीत स्वतःसाठी वरची जागा मागू लागला, की त्याची मिजास होण्यास वेळ लागत नाही.

मग करावयाचे काय? ज्यांच्या हाती हे वृत्तपत्र पडते, त्यांच्या हाती बरेच काही आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना भर वर्गात "अमक्या जातीची मुले उभी राहा" असे न म्हणणे शिक्षकाला अवघड नाही. पहिलीच्या मुलाने 'पाणी' हा शब्द गोरबोलीत किंवा पारधी बोलीत सांगितला, तर तो फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावा. २०२० चे शैक्षणिक धोरण मातृभाषेचा आग्रह धरतेच. विद्यार्थ्यांनी लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' परीक्षेपुरते न वाचता, या लेखकांच्या मागे उभी असलेली माणसे आपल्याच तालुक्यात कोठे राहतात, हे पाहून यावे. आणि "कुणापैकी?" हा प्रश्न ओठांवर आला, तर तो विचारण्यापूर्वी आपण एकच करावे: त्याच्या उत्तराने आपले वागणे बदलणार आहे काय, हे मनाशी तपासावे. बदलणार असेल, तर तो विचारू नये. बदलणार नसेल, तर विचारण्याची गरजच नाही.

पोलीस ठाण्यातील पाट्यांचे मोलही अशाच कसोटीवर ठरेल. पाटी बदलली ती टेबलाच्या आतल्या बाजूस बसणाऱ्याची. बाहेरच्या बाजूस जो उभा असतो, त्याच्यापुढे पाटी नसते. त्याला आपले पूर्ण नाव, गाव आणि वस्ती सांगावीच लागते. एखादी पारधी बाई तक्रार घेऊन येईल, आपले आडनाव आणि आपली वस्ती न अडखळता सांगेल आणि ते ऐकूनही समोरचा हवालदार तिला आधी बसावयास खुर्ची देईल, त्या दिवशी ही सुधारणा बीड जिल्ह्यात खऱ्या अर्थाने अमलात आली, असे म्हणता येईल.