पडक्या घरांना शीव नसते

पडके घर एकटे पडत नाही. शेजारच्या घराची किंमत उतरते, शेजारी गाव सोडतो, नगरपालिकेचा कर बुडतो; मग घरे तपासणाऱ्याचा पगार द्यायचा कोठून?

अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या मोनोंगहेला खोऱ्यात हेच घडले. 1892 च्या संपाने गाजलेल्या होमस्टेडचा पोलाद कारखाना 1986 मध्ये बंद झाला. शेजारच्या ब्रॅडकमध्ये 1920 साली 20 हजारांवर वस्ती होती. 2020 च्या शिरगणतीत ती 2 हजारही भरली नाही. माणसे गेली, घरे उरली.

गावे लहान आणि वेगळी. घरमालक मात्र एकच, चार गावांत पसरलेला. तेव्हा गावांनीही एक व्हावे, हे ओघानेच आले. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याने नगरपालिकांना करार करून कामे एकत्र करता येतात. तपासनीस एक, पगार वाटून. 2010 च्या कायद्याने आणखी एक हत्यार दिले. राज्यात कोठेही ज्याची कराची थकबाकी आहे, किंवा नोटीस मिळूनही ज्याने धोक्याचे घर सहा महिने तसेच ठेवले आहे, त्याला दुसरे गावही परवाना नाकारू शकते. दोष दूर करण्यासाठी लागणारा परवाना मात्र अडवता येत नाही. हे शहाणपणाचे आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की हा बडगा घरे अडवून बसणाऱ्यावर पडावा; निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराला दंड नको, दुरुस्तीला मदत हवी. एकेका खात्याची वेगळी युनियन मालक सहज मोडतो. गावांचेही तसेच आहे.