चौथ्या फ्रेटवरचा एफ शार्प

जॅझमध्ये बासवाल्याचं काम पायाखालच्या जमिनीचं. प्रत्येक ठोक्याला एक स्वर द्यायचा, आणि कुठली कॉर्ड चालू आहे हे बाकीच्यांना न विचारता कळेल असा द्यायचा. याला वॉकिंग बास म्हणतात. सॅक्सोफोनवाला किंवा पियानोवाला हवा तसा विहार करतो तो या चालीच्या भरवशावर. मग त्यांची आवर्तनं संपतात आणि सगळे बासवाल्याकडे बघतात. आता तो सोलो घेणार, आणि नेमकी त्याच क्षणी खालची जमीन निघून जाते, कारण ती धरणाराच आता गायला निघालेला असतो.

संथ चालीच्या गाण्यात हे निभतं. कॉर्ड दर दोन ठोक्यांना बदलायला लागल्या की खरी परीक्षा सुरू होते. अलिबागजवळच्या नागावला सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या एका खोलीत मी आणि माझा पियानो वाजवणारा मित्र सध्या याच कामाला लागलो आहोत. समोर आहे जॉन कोल्ट्रेननं मे १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘जायंट स्टेप्स’. सोळा मात्राखंड, त्यांत सव्वीस कॉर्ड, आणि वेग मिनिटाला २९०च्या आसपास ठोके. म्हणजे पूर्ण आवर्तन तेरा-साडेतेरा सेकंदांत आटोपतं. मूळ मुद्रणात टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानिस्टसुद्धा सोलोच्या मध्यावर धून सोडून नुसत्या कॉर्डवर येतो. ते ऐकताना मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो. वाट किती अवघड आहे, ते त्याच्या इतकं प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. पुढे १९८२ मध्ये, जॉर्ज म्राझला बासवर घेऊन, त्यानं हीच रचना पुन्हा मुद्रित केली आणि अगदी निवांतपणे पार केली.

आपल्या कानाला ही अडचण पटकन समजते. रागात षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तानपुरा तो सांभाळतो. इथे षड्जच जागा बदलतो. बी, जी आणि ई फ्लॅट असे तीन षड्ज, एकमेकांपासून चार-चार अर्धस्वरांवर. सप्तकाचे बरोबर तीन समान भाग. एकाची ओळख होते न होते तोच दुसरा हजर.

यावरचा सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येक कॉर्डचे चार स्वर पाठ करायचे आणि ते वेगानं उलगडत सुटायचं. बोटं तयार होण्यासाठी हे लागतंच. पण त्यातून सोलो होत नाही. जिना चढल्या-उतरल्याचा आवाज तेवढा येतो. बासवर तर फारच, कारण खालच्या पट्टीतले स्वर घाईनं आले की एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली: कमीत कमी किती स्वरांत भागतं ते बघायचं. पहिल्या पाच कॉर्ड घेतल्या. बी मेजर, डी सेव्हन, जी मेजर, बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट मेजर. डी तारेवर चौथ्या फ्रेटला एफ शार्प आहे. बी मेजरवर तो पंचम. बोट न उचलता डी सेव्हन येऊ दिली, तर तोच शुद्ध गंधार. जी मेजरवर तोच शुद्ध निषाद. चौथ्या कॉर्डला एक फ्रेट मागे, एफवर सरकायचं. तो पुन्हा पंचम. आणि पाचवीला पाचव्या फ्रेटवरचा जी, ई फ्लॅटचा गंधार. पाच कॉर्ड, तीन स्वर, एकच तार. मित्र पियानोवर कॉर्ड सावकाश बदलतो आणि माझ्या न हललेल्या बोटाखाली स्वराचा रंग दोनदा पालटतो. हे ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो.

पाचव्या मात्राखंडात हीच हालचाल जी मेजरपासून सुरू होते. तेव्हा शेजारच्या जाड ए तारेवर, एक फ्रेट पुढे जायचं. बोटांचा आकार तोच. बासच्या चारही तारा चौथ्या स्वराच्या अंतरानं लावलेल्या असतात, त्यामुळे ही तिरकी पायरी आयतीच मिळते. ही रचना बासच्या अंगाची नाही असं म्हणणाऱ्यांनी ती डी तारेच्या नवव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या अकराव्या फ्रेटवर एकदा बोटं ठेवून बघावी. तिन्ही षड्ज एका रेषेत सापडतात.

मग वेग. मेट्रोनोम अर्ध्या चालीवर लावतो आणि त्याची टिकटिक दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर धरतो. पहिला ठोका आपला आपण जाणायचा. बास खाली ठेवून आधी तोंडानं गायचं. गळ्यातून निघत नाही ते बोटातून निघालं तर ती नुसती सवय. मित्राचं एक वाक्य मी सतत मनात घोळवतो: “कॉर्ड आल्यावर काय सांगतोस? येतेय तेव्हा सांग.” ऐकणाऱ्याला बदल कळतो तो येणाऱ्या कॉर्डच्या ओढीमुळे. बासवादक जॅको पास्टोरियसनं १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुद्रणात ‘डॉना ली’ वाजवलं तेव्हा सोबतीला नुसते काँगा होते. कॉर्ड देणारं वाद्यच नाही, आणि तरी प्रत्येक कॉर्ड ऐकू येते.

इथल्या हवेमुळेही काम वाढतं. खारा वारा तारांना महिन्याभरात गंज धरवतो, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्यानं पुसायची. पावसाळ्यात नेकचं लाकूड ओल धरतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात आणि वेगात बोट अडतं; किल्ली घेऊन आतली सळई जराशी पिळावी लागते.

मांडव्याहून रो-रो बोटीनं वाद्य घेऊन मुंबईला वाजवायला जाताना मला त्या शहराचं ऋण जाणवतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबेचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ चित्रपटापर्यंत पोचवलं. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. लुई बँक्सबरोबर वाजवणाऱ्या कार्ल पीटर्सचा बास ऐकून या वाद्याला स्वतःचं बोलणं असतं, हे पुष्कळांना कळलं.

सध्या आम्ही ‘जायंट स्टेप्स’च्या शेवटच्या मात्राखंडावर आहोत. तिथे सी शार्प मायनर आणि एफ शार्प सेव्हन या दोन कॉर्ड परत बीकडे नेतात. सोलोच्या शेवटच्या आवर्तनात इथेच मला धून सोडून पुन्हा चालीवर यायचं असतं. चार ठोके, चार स्वर: सी शार्प, जी शार्प, एफ शार्प, सी. तो शेवटचा सी वाजला की ड्रमवाला काठ्या झांजेवर आणतो, आणि पुढच्या ठोक्याला सगळे बीवर असतात.