ओठ बधिर, दाढ मात्र जागी!

रात्रभर ठणकणारी खालची दाढ घेऊन रुग्ण दंतवैद्यांकडे पोहोचतो. इंजेक्शन दिले जाते, काही मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. रूट कॅनॉलसाठी ड्रिल टेकताच मात्र कळ थेट मस्तकात जाते आणि आपणच भित्रे आहोत, असे रुग्णाला वाटू लागते. वस्तुतः दोष त्याच्या धैर्याचा नसतो.

वरच्या दाढांभोवतीचे हाड पातळ व सच्छिद्र असल्याने हिरडीत दिलेले औषध मुळांपर्यंत सहसा झिरपते. खालच्या जबड्याचे हाड जाड. त्यामुळे मज्जातंतू जबड्यात शिरतो त्या जागेजवळ लिग्नोकेन सोडून तो संपूर्ण भाग बधिर करावा लागतो. हा 'नर्व्ह ब्लॉक' निरोगी दाढेला बहुधा पुरतो. गाभा सुजलेल्या दाढेला वारंवार अपुरा पडतो. सुजेतील आम्लतेमुळे औषध निष्प्रभ होते, हे जुने स्पष्टीकरण. पण इंजेक्शन सुजेपासून बरेच दूर दिलेले असते, त्यामुळे ते एकटे पटत नाही. सुजेने मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि त्यातील काही सोडियम मार्गिका औषधाला सहज दाद देत नाहीत, असेही मानले जाते.

अशा वेळी तेच इंजेक्शन पुन्हा देण्याने फारसे साधत नाही. ऑस्ट्रेलियाचे डॉ. गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली, अधिक वरच्या पातळीवर औषध सोडण्याची पद्धतही हमखास नाही. त्याऐवजी दाढेलगत गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन देणे हा सोपा जोड-उपाय. दात व हाड यांमधील फटीत दाबाने थोडे औषध सोडता येते. परिणाम मात्र अल्पकाळ टिकतो. हाडाला सूक्ष्म छिद्र पाडून दिलेले इंजेक्शन अधिक खात्रीचे, पण अ‍ॅड्रेनालिनमुळे काही मिनिटे छाती धडधडते. हृदयविकार असल्यास तो आधीच सांगितलेला बरा. थेट गाभ्यातील इंजेक्शन तत्काळ गुण देते, पण ते टोचतानाच दुखते; म्हणून ते अखेरचे.

तासभर आधी घेतलेल्या आयब्युप्रोफेनने ब्लॉकचे यश वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे. अल्सर, मूत्रपिंडाचे विकार वा दमा असलेल्यांनी ते परस्पर घेऊ नये.

ओठ जड झाला, एवढ्यावर ड्रिल सुरू करणे घाईचेच. दाढेला गार फवाऱ्याचा बोळा लावून पाहता येतो. झिणझिणी उरली असेल तर जोड-इंजेक्शन आधी द्यावे. बोळा जाणवला नाही तरीही कधी कधी कळ येते. त्यासाठी हात वर करताच काम थांबेल, एवढे खुर्चीत बसतानाच ठरवून घ्यावे.